लिटरेचर सर्व्हे कसा करावा: भूजलातल्या फ्लोराइडचे उदाहरण घेऊन

पीएचडीच्या सुरुवातीला गाईड सांगतात, ‘आधी लिटरेचर सर्व्हे करून या,’ आणि विद्यार्थी दोनशे पीडीएफ उतरवून घेतो. काही महिन्यांनी ‘अमुक यांनी हे केले, तमुक यांनी ते केले’ अशा वाक्यांची चाळीस पाने तयार होतात. पण पुढच्या प्रयोगात एक लिटर पाण्याला किती ग्रॅम शोषक (फ्लोराइड स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ) घ्यायचा, हे त्या चाळीस पानांतून सांगता येत नाही. सर्व्हेचे खरे काम होते ते तक्त्यात. परिच्छेद त्यानंतर लिहायचे. इथे उदाहरणासाठी यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागांत ओळखीचा असलेला प्रश्न घेतला आहे: विहिरी-बोअरच्या पाण्यातून फ्लोराइड काढणे.

प्रश्न आवळून घ्या

‘पाण्यातून फ्लोराइड काढण्याच्या पद्धती’ हा प्रश्न नाही, तो पुस्तकाचा विषय आहे. प्रश्न असा हवा: ‘फ्लोराइड लिटरला 2 ते 6 मिलिग्रॅम असलेल्या भूजलात, पीएच न बदलता, कोणता शोषक ते 1 मिलिग्रॅमच्या खाली आणतो आणि त्याला किती माल लागतो?’ यातला प्रत्येक आकडा पुढे चाळणीचे काम करतो. 1 मिलिग्रॅम ही आयएस 10500:2012 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली स्वीकार्य मर्यादा. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालते, असे तेच मानक सांगते.

शब्दांची यादी आधी, शोध नंतर

कागदावर तीन रकाने आखा: काय काढायचे, कशाने काढायचे, कुठून काढायचे. प्रत्येक रकान्यात समानार्थी शब्द लिहा. कोणी ‘डीफ्लोरिडेशन’ लिहितो, कोणी ‘फ्लोराइड रिमूव्हल’. कोणी ‘ॲडसॉर्प्शन’, कोणी नुसते ‘सॉर्प्शन’. एका रकान्यातले शब्द ‘ऑर’ने जोडा आणि रकाने एकमेकांना ‘ॲन्ड’ने. इंग्रजीत फ्लोराइड लिहिताना ‘यू’ आणि ‘ओ’ची अदलाबदल करणारे लेखक बरेच आहेत, छापील शीर्षकांतसुद्धा! ते चुकीचे स्पेलिंगही यादीत ठेवा.

‘नॉट’ वापरताना हात आखडता घ्या. टूथपेस्टवरचे पेपर नकोत म्हणून ‘नॉट डेंटल’ लावले, तर कामाचे पेपरच गळतात. फ्लोराइड काढण्यावरच्या कितीतरी पेपरांचा सारांश ‘डेंटल फ्लोरोसिस’पासूनच (जास्त फ्लोराइडमुळे दातांवर पडणारे डाग) सुरू होतो. टूथपेस्टचे पेपर शीर्षक वाचून दोन सेकंदांत बाजूला काढता येतात, मात्र गळालेला पेपर तुम्हाला दिसतच नाही.

कुठे शोधायचे

स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स, पेपरांच्या या दोन डेटाबेसांपैकी जे कॉलेजात मिळते ते पहिले. तिथे शोध फक्त शीर्षक, सारांश आणि कीवर्ड यांपुरता ठेवता येतो आणि शब्दाच्या शेवटी तारांकन लावून त्या मुळापासूनचे सगळे शब्द धरता येतात. गूगल स्कॉलरमध्ये तारांकनाची ही सोय नाही आणि तो कितीही हजार निकाल सापडल्याचे सांगत असला तरी दाखवतो पहिले 1000 च. म्हणून स्कॉलर हा पुरवणी शोधासाठी आणि ‘हा पेपर पुढे कोणी उद्धृत केला’ हे पाहण्यासाठी वापरा. भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा. पेपरात न मावलेले फसलेले प्रयोग प्रबंधाच्या परिशिष्टात सापडतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीवरचे (तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर) 1970 च्या दशकातले लेखन ऑनलाइन शोधात पुरते हाती लागेलच असे नाही. त्यासाठी ग्रंथालयात जावे लागते.

पूर्ण पेपर मिळत नसेल तर: सरकारी संस्थेत असाल तर 2025 पासून सुरू झालेले ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ (सरकारी संस्थांना जर्नल्स वाचायला देणारी योजना) पाहा, नसाल तर पेपरची मोफत प्रत शोधून देणारे अनपेवॉल हे ब्राउझर एक्स्टेन्शन, किंवा सरळ लेखकाला दोन ओळींचा ईमेल.

प्रत्येक शोधाची वहीत एक ओळ: तारीख, डेटाबेस, शोधवाक्य जसेच्या तसे, निकालांची संख्या. हा कंटाळा केला तर वर्षभराने परीक्षकाने ‘किती पेपरांतून हे निवडले?’ विचारल्यावर उत्तर नसते.

गाळणी

सगळे निकाल झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. ते मोफत आहे आणि दुबार नोंदी वेगळ्या दाखवते. दुबार नोंदी एकत्र करताना डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) जुळतो का पाहा. परिषदेतला पेपर आणि नंतर जर्नलमध्ये आलेला विस्तारित पेपर यांची शीर्षके सारखी असली तरी आकडे वेगळे असू शकतात.

गाळणी तीन फेऱ्यांत होते: शीर्षक, सारांश, पूर्ण मजकूर. पेपर घेण्या-नाकारण्याचे निकष, सारांश वाचायला लागण्यापूर्वीच लिहून ठेवा. पहिले तीस सारांश तुम्ही आणि एखाद्या सहकाऱ्याने वेगवेगळे तपासा. मते जुळली नाहीत तर बहुधा निकष ढिला असतो, माणूस नाही. पूर्ण वाचून नाकारलेल्या प्रत्येक पेपरापुढे एका शब्दात कारण लिहा. पद्धतशीर आढावा छापायचा असेल तर प्रिस्मा 2020 या आढाव्यांसाठीच्या मार्गदर्शिकेतल्या आकृतीत हेच आकडे भरावे लागतात.

मग निवडलेल्यांतले पाच-सहा चांगले पेपर घेऊन मागे जा (त्यांची संदर्भसूची) आणि पुढे या (त्यांना उद्धृत करणारे). सलग दहा-पंधरा पेपर पाहूनही तक्त्यात नवी नोंद पडत नसेल, तर थांबा.

तक्ता

इथे वेळ घाला. एका पेपराला एक ओळ, आणि रकाने किमान इतके: शोषक, सुरुवातीचे फ्लोराइड, शेवटचे फ्लोराइड, लिटरला मात्रा, सुरुवातीचा आणि शेवटचा पीएच, संपर्काचा वेळ, पाणी कुठले (डिस्टिल्ड की विहिरीचे), बायकार्बोनेट किती, मोजणी कशाने, बॅच की कॉलम (शोषक भांड्यातल्या पाण्यात मिसळला, की शोषक भरलेल्या नळीतून पाणी सोडले), शोषक पुन्हा वापरला का.

‘टक्के काढले’ हा रकाना ठेवूच नका. 2 मिलिग्रॅममधले 90 टक्के गेले तर 0.2 उरते, 50 मधले 90 टक्के गेले तर 5 उरते आणि ते पाणी पिण्यालायक नसते. सारांशात मात्र दोन्हीकडे ‘90 टक्के’च छापलेले असते.

क्षमतेचा आकडा याहून फसवा. समजा एका पेपरात म्हटले आहे, ‘कमाल क्षमता ग्रॅमला 12 मिलिग्रॅम’. आत पाहिले तर हा लँगम्युअरच्या समीकरणातून (शोषक पूर्ण भरल्यावर किती धरेल याचा अंदाज देणारे सूत्र) आलेला आकडा, आणि प्रयोग 100 मिलिग्रॅमपर्यंतच्या द्रावणावर. त्याच पेपरातल्या दुसऱ्या तक्त्यात 5 मिलिग्रॅमचे पाणी 1 वर आणायला लिटरला 4 ग्रॅम लागले. म्हणजे 4 मिलिग्रॅम भागिले 4 ग्रॅम, ग्रॅमला 1 मिलिग्रॅम. आता घरात रोज 20 लिटर पाणी लागते असे धरा. काढायचे फ्लोराइड 80 मिलिग्रॅम. 12 च्या हिशेबाने दिवसाला 7 ग्रॅमसुद्धा शोषक लागत नाही. 1 च्या हिशेबाने 80 ग्रॅम, महिन्याला 2.4 किलो. तक्त्यात दुसरा आकडा जायला हवा. पेपरात तो दिलेला नसेल तर आलेखावरून काढा आणि ‘आलेखावरून’ अशी खूण करा.

पाणी आणि मोजणी हे रकाने अनेकजण वगळतात. फ्लोराइडयुक्त भूजल बहुधा अल्कधर्मी आणि बायकार्बोनेटने भरलेले असते. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा शोषक) मात्र पीएच 5 ते 6 च्या आसपास चांगले काम करते. डिस्टिल्ड पाण्यातला निकाल विहिरीवर टिकत नाही तो यामुळे. मोजणीचे तसेच: पाण्यात ॲल्युमिनियम उतरले असेल तर स्पॅडन्स या रंगावरून मोजण्याच्या पद्धतीचे वाचन चुकते. आयन इलेक्ट्रोड वापरला असला, तरी टिसॅब बफर (बांधलेले फ्लोराइड मोकळे करणारे द्रावण) पुरेसा नसेल तर ॲल्युमिनियमला बांधलेले फ्लोराइड मोजलेच जात नाही आणि शोषक आहे त्याहून भारी दिसतो.

मूळ पेपर उघडा

शोषणाच्या वेगाचे समीकरण वापरणारे शेकडो पेपर लागरग्रेन यांचा 1898 चा स्वीडिश अकादमीतला लेख उद्धृत करतात. 2004 मध्ये ‘हो’ नावाच्या संशोधकाने या उद्धरणांचा आढावा घेतला, तेव्हा त्या एका संदर्भाची नाना चुकीची रूपे छापून आल्याचे दिसले. एकाने दुसऱ्याच्या यादीतून उचलले, तिसऱ्याने त्याच्याकडून. तुमच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा ज्या पेपरात मोजला गेला तिथपर्यंत जाऊन तपासा. मूळ मिळाले नाही तर ‘अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असे स्वच्छ लिहा. एआय साधनाने दिलेला संदर्भ डीओआय उघडून पाहिल्याशिवाय यादीत घेऊ नका. शीर्षक खरे वाटते, लेखक खरे असतात, पेपर मात्र अस्तित्वात नसतो. मागे घेतलेले पेपर झोटेरो लाल पट्टीने दाखवते, तिकडे दुर्लक्ष करू नका.

लिहिणे

परिच्छेद पेपराचा नको, प्रश्नाचा हवा: ‘पीएच 8 वर काय होते’, ‘बायकार्बोनेटने किती घट’, ‘पुनर्वापरानंतर किती उरते’. एका परिच्छेदात चार-पाच पेपर आले आणि त्यांच्यात मतभेद दिसला, तर तो का, हे तक्त्यातल्या रकान्यांवरून सांगा. आणि ‘चिंचेच्या टरफलाच्या शोषकावर अजून कोणी काम केलेले नाही’ ही संशोधनातली पोकळी नव्हे. टरफलांना अंत नाही! तक्त्यात ‘विहिरीचे पाणी’ आणि ‘कॉलम’ हे रकाने ओळीने रिकामे दिसले, तर पोकळी तिथे आहे.

शोधवाक्ये डेटाबेसमध्ये जतन करून ईमेल अलर्ट लावा. प्रबंध सादर करण्यापूर्वी महिनाभर आधी तीच वाक्ये पुन्हा चालवा, नवे पेपर त्याच निकषांतून गाळा आणि शेवटच्या शोधाची तारीख प्रकरणाच्या पहिल्या पानावर लिहा.