शिकवणीच्या संकेतस्थळावर थेट आवाजाचे वर्ग सुरू करताना

मराठी शिकवणारं माझं संकेतस्थळ बराच काळ लेखी धडे, सराव आणि ध्वनिमुद्रित उच्चार यांवर चालत होतं. एका विद्यार्थ्याचे सगळे स्वाध्याय बरोबर असायचे. मी त्याच्याशी पहिल्यांदा थेट बोललो, तेव्हा लक्षात आलं की ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ तो एकसारखाच म्हणतो. ‘हे जग’ आणि ‘तू जग’ यांतल्या ‘ज’चंही तेच. कित्येक महिने तो चुकीचे उच्चार घोकत होता आणि त्याला थांबवणारं कुणी नव्हतं. त्याला ऐकवायची सोय मी केली होती, त्याचं ऐकून घ्यायची केली नव्हती. त्या दिवशी थेट वर्ग सुरू करायचं ठरलं.

असंच काही करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल आणि शिकवण्याची आवड असेल, तर हे काम एकट्यालाही जमतं.

आधी व्हिडिओचा मोह सोडा. आवाजासाठी आज ब्राउझर ओपस हा कोडेक, म्हणजे आवाज आकाराने लहान करून पाठवायची पद्धत, वापरतात. २०१२ साली तो इंटरनेटचा मानक झाला. सेकंदाला ३२ किलोबिट या दराने त्यात बोलणं उत्तम ऐकू येतं. म्हणजे तासाला साधारण १४ एमबी, आणि आवाजाच्या प्रत्येक तुकड्यासोबत (पॅकेट) जाणाऱ्या पत्त्यासारख्या माहितीचा (हेडर) भार धरला तरी एका आवाजाला एका दिशेने २५ एमबीच्या आत. एक मेगाबिटचा साधा व्हिडिओ तासाला ४५० एमबी घेतो. पण डेटापेक्षा मला दुसरं कारण मोठं वाटतं. कॅमेरा बंद असला की लाजाळू माणूस जास्त बोलतो. माझ्या वर्गात तरी हे वारंवार दिसलं.

साध्या फोनवर मात्र उच्चार शिकवू नका. जुन्या टेलिफोनचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात असतो आणि ‘स’चा सळसळता भाग बहुतांशी त्याच्या वर असतो. म्हणूनच फोनवर नाव सांगताना ‘स’ की ‘फ’ असं पुन्हा विचारावं लागतं. ओपस २० हजार हर्ट्झपर्यंत जातो. पण विद्यार्थ्याने ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू केला, की हेडफोन बहुधा कॉलच्या मोडमध्ये जातो आणि पट्टा पुन्हा आखडतो. ‘श’ आणि ‘स’ यांतला फरक अचानक पुसट झाला, तर विद्यार्थ्याच्या जिभेला दोष देण्याआधी हेडफोन कोणता आहे ते विचारा. मी आता वायरचे इअरफोन वापरायला सांगतो. त्याने वर्गातला प्रतिध्वनीही जातो, कारण एकाने जरी आवाज स्पीकरवर ठेवला, तरी बाकीच्यांना स्वतःचेच शब्द परत ऐकू येऊ शकतात. ब्राउझर प्रतिध्वनी काढायचा प्रयत्न करतो, पण दर वेळी साधत नाही.

आता तंत्राकडे. ब्राउझरमधलं थेट संभाषण वेबआरटीसी या तंत्रावर चालतं. गूगलने ते २०११ मध्ये खुलं केलं आणि २०२१ च्या जानेवारीत ते वेबचा अधिकृत मानक झालं. नव्याने शिकणाऱ्याने एकदम वर्गाच्या ऑनलाइन खोल्या बांधायला घेऊ नये. पहिलं पान एवढंच करा: बटण दाबलं की पाच सेकंद माइकचा आवाज मुद्रित व्हावा आणि लगेच परत ऐकू यावा. यात माइकची परवानगी, योग्य माइक निवडणं, आवाजाची पातळी, सगळं शिकून होतं. माझ्या संकेतस्थळावर हेच पान आज ‘आवाज तपासा’ या नावाने आहे आणि वर्गाआधी प्रत्येकजण त्यावरून जातो. मी बांधलेल्या सगळ्या गोष्टींत सर्वांत उपयोगी हीच ठरली.

इथे एक खड्डा हमखास लागतो. स्वतःच्या संगणकावर लोकलहोस्टवर पान नीट चालतं आणि तेच पान फोनवर आयपी पत्ता टाकून उघडलं की माइक सापडतच नाही. कोड चुकलेला नसतो. एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, नसलेल्या पानाला ब्राउझर माइक देत नाही. लोकलहोस्टला तेवढी सवलत आहे. दुसरं म्हणजे, पान उघडताक्षणी परवानगी मागू नका. बिचकून कुणी ‘नाही’ म्हटलं, तर बरेच ब्राउझर ते लक्षात ठेवतात आणि मग सेटिंगमध्ये जाऊन परवानगी परत द्यावी लागते. ‘वर्गात या’ असं बटण ठेवा, माइक कशासाठी हवा ते त्याच्या वर एका ओळीत सांगा आणि बटण दाबल्यावरच मागा. आपोआप आवाज वाजवायला ब्राउझर जी आडकाठी करतात, तीही त्याच बटणाने दूर होते.

यानंतर दोन माणसांची जोडणी करून बघा. इथे स्टन आणि टर्न हे दोन शब्द भेटतील; दोन्ही जोडणीला मदत करणारे सर्व्हर. बाहेरून आपला पत्ता काय दिसतो ते स्टन सांगतो; थेट वाट मिळालीच नाही तर टर्न मधे बसून आवाज इकडून तिकडे पोचवतो. टर्नचा खर्च वाचवायचा म्हणून पहिल्या वर्गात मी तो ठेवला नव्हता. दोन विद्यार्थी कार्यालयाच्या नेटवर्कवरून आले. त्यांची नावं यादीत दिसत होती, पण आवाज ना येत होता ना जात होता. ते दोघे अर्धा तास थांबून निघून गेले. ती अडचण सर्वस्वी माझ्या बाजूची होती आणि ती त्यांना कळवायलाही मला उशीर झाला. टर्न ठेवाच, आणि तो ४४३ पोर्टवर टीएलएसनेही (सुरक्षित संकेतस्थळं वापरतात त्याच वाटेने) चालेल असं बघा, कारण कडक नेटवर्कमध्ये बहुधा तेवढीच वाट मोकळी असते.

माणसं वाढली की सरळ एकमेकांना जोडणं परवडत नाही. चौघांना सहा जोडण्या लागतात, दहा जणांना पंचेचाळीस. मग मधे एक सर्व्हर लागतो, जो प्रत्येकाचा आवाज एकदाच घेतो आणि बाकीच्यांना वाटतो. तो स्वतः लिहू नका. ऑनलाइन बैठकांसाठीचं जित्सी मीट आणि खास शिकवण्यासाठी बनलेलं बिगब्लूबटन, दोन्ही मुक्त स्रोत आहेत आणि आपल्या पानात बसवता येतात. मी आधी हाताने दोघांची जोडणी केली होती, म्हणून पुढे जित्सीत काही अडलं की कुठे बघायचं ते कळत होतं. तो वेळ वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

खरी कसोटी पुढे लागली आणि ती शिकवण्याची होती. वर्गात आपण सहज म्हणतो, ‘सगळे माझ्या मागोमाग म्हणा.’ ऑनलाइन हे चालतच नाही. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या विलंबाने पोचतो आणि नुसता कल्लोळ होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत बहुतेक वापरांसाठी चालेल असं मानते. संभाषणाला तेवढं पुरतं, एका सुरात म्हणायला पुरत नाही. आता सगळे माइक बंद ठेवून माझ्यासोबत मोठ्याने म्हणतात आणि मग एकेक जण माइक उघडून म्हणतो. बंद माइकमागे बोलताना कुणी ऐकत नसल्यामुळे ती पहिली खेप बिनधास्त होते.

विलंबाचा दुसरा त्रास मला उशिरा उमगला. प्रश्न विचारला की उत्तर यायला दोन्हीकडचा विलंब लागतो, त्यात विद्यार्थ्याचा विचार करायचा वेळ आणि माइक उघडायचा वेळ. तेवढ्यात ‘येत नाही वाटतं’ असं समजून मी उत्तर सांगून टाकायचो आणि त्याच क्षणी त्याचा आवाज माझ्यावर आदळायचा. मग तो गप्प व्हायचा, पुढच्या वेळी बोलायचाच नाही. आता मी मनात पाच अंक मोजतो. शिवाय बोलण्याचा क्रम पडद्यावर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे आपली पाळी कधी हे माहीत असतं आणि दोघे एकदम बोलत नाहीत.

वर्गात मी सहाच जण घेतो. पाऊण तासात प्रत्येकाच्या वाट्याला सात मिनिटं जेमतेम येतात, त्याहून कमी बोलायला मिळालं तर थेट येण्यात अर्थ उरत नाही. समजावून सांगायचं असेल ते आधीच मुद्रित करून ठेवतो, थेट वेळेत व्याख्यान देत नाही. वर्गाचं मुद्रण मी करत नाही. एकदा सर्वांना विचारून केलं होतं, पण नेहमी बोलणारी दोन माणसं त्या दिवशी हो-नाहीपलीकडे गेली नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाचे अडलेले दोन-तीन उच्चार टिपून ठेवतो आणि वर्ग संपल्यावर त्याला पाठवतो.

तो ‘चार’ आणि ‘चारा’वाला विद्यार्थी पहिल्या सहा जणांत होता. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचा ‘च’ चुकला, तेव्हा माझ्याआधी त्यानेच माइक उघडला.