इंदूरच्या रात्री खरंच तापल्या का? उपग्रहाच्या नोंदींतून घरबसल्या तपासा

मे महिना लागला की रामबागेतल्या मराठी घरांत हमखास निघणारा विषय: पूर्वी गच्चीवर पहाटे पांघरूण लागायचं, आता कूलर बंद करवत नाही. शब-ए-माळवा, म्हणजे माळव्याची ती गार रात्र, खरंच ओसरली का, हे लॅपटॉपवर फुकट तपासता येतं.

आधी उपग्रह निवडा. बरेच जण लँडसॅट घेतात, कारण त्याचं चित्र बारीक असतं. पण तो सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो आणि आपला प्रश्न रात्रीचा आहे. म्हणून नासाचा ‘ॲक्वा’ घ्या. २००२ साली सोडलेल्या या उपग्रहावरचा ‘मोडिस’ हा संवेदक रात्री दीडच्या आसपास जमिनीचं तापमान टिपतो. २०२२ पासून त्याची कक्षा ढळत गेल्याने वेळही सरकली, तेव्हा २००३ ते २०२१ एवढीच वर्षं धरा.

नासाच्या ‘ॲपिअर्स’ या संकेतस्थळावर खातं उघडून दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश भरा: एक भर शहरातला राजवाडा, दुसरं देपालपूरच्या बाजूचं एखादं शेत. इथे घाई नको. मोडिसचा एक चौकोन साधारण एक किलोमीटरचा असतो; त्यात यशवंत सागर तलावाचं पाणी आलं तर रात्रीचा आकडा फुगतो, कारण पाणी सावकाश निवतं.

‘एमवायडी११ए२’ हे आठ दिवसांचं संकलन निवडा, त्यातला रात्रीच्या तापमानाचा थर मागवा. फाइल आली की आकड्यांतून २७३.१५ वजा करा, म्हणजे सेल्सिअस मिळेल. मूळ आकडाच शून्य असलेल्या आणि गुणवत्तेच्या रकान्यात खराब ठरलेल्या ओळी काढून टाका. पावसाळा सोडूनच द्या. ढगांखालचं मोडिसला दिसत नाही. फक्त एप्रिल-मेची दरवर्षीची सरासरी काढून आलेख करा.

आता वाचन. दोन्ही रेषा चढत असतील, तर कारण शहरापुरतं नाही. हवामानबदलाचा संशय तिथे घ्यायचा, मात्र १९ वर्षांवर शिक्कामोर्तब नको, हवामानाची सरासरी ३० वर्षांची धरतात. राजवाडा आणि शेत यांच्या तापमानांतलं अंतरच वाढत असेल, तर तो बहुधा सिमेंट-डांबराचा प्रताप. दिवसाचा थरही जरूर उघडून बघा: उन्हाळ्यात गहू निघालेलं उघडं काळं रान दुपारी शहराहून जास्त तापलेलं दिसू शकतं. त्यावरून ‘शहर गार आहे’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात, त्यांना रात्रीचा आलेख दाखवा.

आणि हे जमिनीचं तापमान आहे, हवेचं नव्हे. हवामान खात्याच्या किमान तापमानाशी आकडा जुळवायला जाऊ नका. चढ-उताराची दिशा तेवढी ताडून पाहा.