गच्चीवर गुलबक्षीचा संकर: कुंडीतली उत्क्रांती कशी बघायची

हायब्रिड म्हटलं की आपल्याकडे लगेच बियाण्याचं पाकीट आठवतं नाहीतर "हायब्रिड टोमॅटोला चवच नसते" हे वाक्य. पण संकर हा काही कंपन्यांचा शोध नाहीये, झाडं हे आपापसात माणूस यायच्या कितीतरी आधीपासून करत आलीयेत आणि रोजच्या पोळीचा गहू हासुद्धा असाच एक संकर आहे. खपली गहू घ्या, त्यात गुणसूत्रं २८. शेताच्या कडेला उगवणारं एक रानटी गवत होतं, त्याची १४. साधारण आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या बाजूला खपलीच्या गोतातल्या गव्हाचा आणि त्या गवताचा संकर झाला, एकाकडून १४ आली, दुसऱ्याकडून ७, झाली २१, आणि २१ ची जोडी लागत नाही म्हणून असं झाड बहुतेक वांझ. मग कुठेतरी पेशीत सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली, ४२, जोड्या जुळल्या, बी धरलं. तोच आजचा लोकवन, शरबती वगैरे. सांगली-साताऱ्याकडे अजून खपली पेरतात, त्यामुळे संकराच्या आधीची बाजू आणि नंतरची बाजू दोन्ही तुमच्या वाण्याकडे शेजारी शेजारी पोत्यात मिळतील, भाव मात्र खपलीचा जास्त.

आता गव्हाचा प्रयोग गच्चीवर जमणार नाही. पण यातल्या दोन गोष्टी, म्हणजे संकरातून गुणांची नवी मिसळण तयार होणं आणि त्यातली कुठली टिकणार हे ऊन-पाणी-मातीने ठरवणं, या दोन्ही घरी बघता येतात, आणि त्यासाठी गुलबक्षीसारखं झाड नाही. फुकट मिळते, मरत नाही, फूल मोठं, आणि एका फुलाला एकच बी, काळं, मिरीसारखं, त्यामुळे हिशोब ठेवायला सोपं. बारावीच्या बायोलॉजीत लाल आणि पांढऱ्यापासून गुलाबी येतं ते उदाहरण आहे ना, ते हेच झाड, जर्मनीत कार्ल कोरेन्सने यावर काम केलं होतं, १९०० साली मेंडेलचे नियम ज्यांनी पुन्हा उजेडात आणले त्यातला हा एक.

एक आधीच सांगून ठेवते, लाल आणि पांढरी गुलबक्षी या एकाच प्रजातीच्या दोन जाती आहेत, त्यामुळे यातून नवी प्रजाती वगैरे निघणार नाही. यंत्रणा समजते, ते पुरे आहे. आणि बी विषारी असतं, लहान मुलं घरात असतील तर बिया गोळा करून डबीत, खेळायला द्यायच्या नाहीत.

आई-बाप कुठले घ्यायचे

एक राणी कलरची आणि एक पांढरी. पट्टे-पट्टे किंवा ठिपके असलेली घेऊ नका, दिसायला भारी असते पण तिच्यात जागा बदलणारे जीन्स असतात, एकाच फांदीला तीन तऱ्हेची फुलं येतात आणि मग मोजणीचा पार बट्ट्याबोळ. पिवळीही सध्या नको, तिचं रंगाचं गणित वेगळं आहे.

पांढरी आई करायची आणि राणी कलर बाप, उलटं नाही. कारण गुलबक्षी स्वतःचं स्वतः परागण करून घेते, तुमच्या हातून चुकून तसं झालं तर पांढऱ्या आईला पांढरीच पोरं होतील आणि लगेच कळेल की हा संकर नाही. राणी कलरची आई केली तर स्वतःच्या परागाने झालेलं पोर आणि संकराचं पोर यातला फरक रंगावरून नेहमी कळेलच असं नाही. एवढी एक गोष्ट पाळली तरी अर्धं काम झालं.

आणि शेजाऱ्याकडून आणलेली झाडं आधीच मिश्र असू शकतात. म्हणून घाई नसेल तर पहिल्या सीझनला दोन्हींची कळी उमलायच्या आधी पोटली बांधून स्वतःचंच बी धरू द्या, ते पेरा, सगळी पोरं आईसारखीच आली तर पुढे जा.

प्रत्यक्ष संकर

गुलबक्षी उमलते चार-पाचच्या सुमारास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावळते, त्यामुळे ऑफिसवाल्यांनी हे रविवारी करावं. आज उमलणारी कळी दुपारीच ओळखू येते, बाकीच्यांपेक्षा लांब झालेली असते आणि टोकाला फुगलेली, उद्याची कळी अजून आखूड आणि घट्ट असते. दोन-अडीचला बसायचं. कळी बोटात धरून सुईने उभी चिरायची, हलक्या हाताने, खालचा हिरवा फुगीर भाग सोडून. आत पाच पुंकेसर आणि त्यांच्यात गुंडाळलेला एक स्त्रीकेसर दिसतो, ज्याच्या टोकाला छोटासा गुंडा असतो तो स्त्रीकेसर, त्याला अजिबात धक्का लावायचा नाही. बाकी पाचांची डोकी भुवया उपटायच्या चिमट्याने काढून टाकायची. डोकी बंद असली पाहिजेत. फुटून पावडर सांडलेली दिसली तर ती कळी गेली, तोडून टाका आणि दुसरी घ्या.

मग पोटली. हळदीकुंकवाच्या वाणात त्या ऑर्गन्झाच्या जाळीच्या पोटल्या येतात ना, दोरी ओढायच्या, त्या यासाठी एक नंबर आहेत, हवा खेळते आणि रात्रीचे पतंग आत शिरत नाहीत. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो आणि कळी कुजते. बापाच्या फुलांनाही दुपारीच पोटली बांधा, नाहीतर त्याच्यावर दुसऱ्या कुणाचे पराग येऊन बसतात.

संध्याकाळी बापाचं ताजं उमललेलं फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे दुमडा (शास्त्राप्रमाणे त्या पाकळ्या नाहीतच, तो रंगीत झालेला पुष्पकोश आहे, पण असो) आणि पुंकेसराची डोकी आईच्या त्या गुंड्यावर टेकवा. गुलबक्षीचे परागकण इतके मोठे असतात की नीट बघितलं तर सुटे सुटे दिसतात, चार-सहा चिकटलेले दिसले की बास. पोटली परत बांधा, त्या झुबक्यातल्या बाकी कळ्या खुडून टाका आणि लेबल लावा. लेबल पेन्सिलने लिहा. पेनाची शाई पहिल्याच पावसात जाते, परमनंट म्हणून विकतात ते मार्करसुद्धा गच्चीवरच्या उन्हात उडतात, पेन्सिल राहते.

अजून एक, काही कळ्यांचे पुंकेसर काढा पण पराग लावूच नका, नुसती पोटली बांधून ठेवा. त्यांना बी धरायला नको. धरलं तर तुमच्या हातात किंवा पोटलीत कुठेतरी लिकेज आहे आणि बाकीच्या बियांवरही विश्वास ठेवता येत नाही. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे टाळतात, टाळू नका.

लागलं असेल तर फूल गळून गेल्यावर खालचा हिरवा भाग तिथेच राहतो, फुगतो आणि मग काळा पडतो. नसेल लागलं तर काही दिवसांत तोही गळतो. काळं झालेलं बी हलक्या स्पर्शाने पोटलीत पडलं की तयार.

पहिली पिढी आणि दुसरी पिढी

बी रात्रभर भिजवून पेरा. दोन्ही आईबाप शुद्ध असतील तर ही पहिली पिढी, म्हणजे एफ-वन, सगळी एकसारखी दिसते, आईबापांच्या मधल्या रंगाची. इथे बरेच जण थांबतात आणि खरी मजा हुकते. एफ-वन म्हणजे एकसारखेपणा, म्हणून तर कंपन्या तेच विकतात, आणि म्हणूनच हायब्रिडचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं की शेतात उंच, बुटकं, लवकर, उशिरा सगळंच उगवतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला माहितीये. त्याला ते नुकसान वाटतं आणि बरोबरच आहे, पण उत्क्रांतीच्या बाजूने बघितलं तर हा गोंधळ हेच भांडवल आहे.

तेव्हा एफ-वनच्या झाडांना आपापलं बी धरू द्या, पोटलीतच, ते पेरलं की एफ-टू. रंगाचा हिशोब एकास दोनास एक, म्हणजे ४० झाडं लावली तर दहाच्या आसपास राणी, वीस गुलाबी, दहा पांढरी. चारच झाडं लावून "पांढरं आलंच नाही" असं म्हणू नका, चारात एकही पांढरं न येण्याची शक्यता ३२ टक्के आहे, १६ झाडं लावली तर ती १ टक्क्यावर येते. जागा नसेल तर दुधाच्या पिशव्यांत लावा, रंग बघण्यापुरती त्यात तग धरतात.

पण नुसता रंग बघू नका. उंची, पानांचा आकार, पहिलं फूल कधी आलं, कंद किती जाड, हे सगळं वहीत लिहा, कारण रंगासारखंच बाकीचं पण मिसळलेलं असतं आणि काही झाडं आई आणि बाप दोघांच्याही पलीकडे गेलेली असतात, दोघांपेक्षा उंच किंवा दोघांपेक्षा खुजी.

हे पलीकडे जाणं फार महत्त्वाचं आहे. अमेरिकेत सूर्यफुलाच्या दोन रानटी प्रजाती आहेत, एक जड चिकण मातीत वाढते, दुसरी कोरड्या वाळूत. त्यांच्या संकरातून तीन नव्या प्रजाती तयार झाल्या, एक वाळूच्या टेकड्यांवर, एक वाळवंटात, एक खारट दलदलीत. तिन्ही जागा अशा की तिथे आईबाप नीट जगूच शकत नाहीत! गुणसूत्रंही दुप्पट झाली नाहीत, तिघांचीही ३४ च. लोरेन रीझबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्याच दोन आईबापांचा संकर नव्याने करून २००३ मध्ये दाखवलं की टोकाच्या जागी लागणारे गुण आईबापांच्या जीन्सच्या मिसळणीतून खरंच निघू शकतात. आणि नव्या जागी गेल्यामुळे त्या आईबापांपासून लांबही राहिल्या, नाहीतर परत परत त्यांच्याशीच संकर होऊन विरून गेल्या असत्या. (विरून जाणं मुद्दाम हवं असेल तर तेही करतात, वेंगुर्ल्याचा रत्ना आंबा नीलम आणि हापूसचा, १९८१ चा, त्यात साका (गर आतून स्पंजासारखा खराब होणं) होत नाही, आणि मग त्याच रत्नाचा परत हापूसशी संकर करून १९९२ ला सिंधू काढला, बारीक कोयीचा.)

आता वातावरणाची बाजू

एफ-टूचं बी नीट कालवून दोन भाग करा. एक भाग गच्चीच्या सगळ्यात तापणाऱ्या कोपऱ्यात, मुरमाड माती, पाणी पानं मलूल झाल्यावरच. दुसरा भाग चांगल्या मातीत, खत, वेळेवर पाणी. प्रत्येक भागातून ज्यांनी सगळ्यात जास्त बी दिलं त्यांचंच बी ठेवायचं, वेगवेगळ्या डब्यांत. सगळ्यात सुंदर झाडाचं नाही हां, सगळ्यात जास्त बी देणाऱ्याचं. निसर्गात सौंदर्याला मार्क नाहीत. आणि जुन्या कंदातून परत फुटलेली झाडं मोजायची नाहीत, उन्हाळ्यानंतर गुलबक्षी कंदातून पुन्हा येते आणि आपल्याला वाटतं नवं रोप आलं, ते मागच्याच पिढीचं असतं, उपटून बाजूला करा.

आता इथे नव्वद टक्के लोक फसतात. कोरड्या कोपऱ्यातली झाडं बुटकी आणि लहान पानांची दिसली की "बघा, जुळवून घेतलं" म्हणून मोकळे. तसं काही सिद्ध होत नाही. तेच झाड चांगल्या कुंडीत हलवलं असतं तर कदाचित दणकून वाढलं असतं, हा फक्त एका आयुष्यातला बदल आहे, बीमध्ये गेलेला नाही. तपासायची पद्धत एकच, दोन्ही डब्यांतलं बी एकाच मातीत, एकाच उन्हात, शेजारी शेजारी पेरायचं आणि फरक राहतो का ते बघायचं. त्यातही एक पिढी मध्ये सारख्या परिस्थितीत काढून मग तुलना करा, कारण खाऊनपिऊन सुखी आईचं बी मुळातच भरदार असतं आणि त्याचं रोप सुरुवातीला पुढे पळतं, ते जीन्समुळे नव्हे.

कॅलिफोर्नियात क्लाउसेन, केक आणि हाईसी या तिघा शास्त्रज्ञांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. एकाच झाडाचे तुकडे करून तीन ठिकाणी लावले, समुद्रसपाटीजवळ स्टॅनफर्डला, सुमारे १४०० मीटरवर मॅथरला आणि ३००० मीटरच्या वर टिंबरलाइनला. डोंगरमाथ्यावरची झाडं खाली आणूनही किनाऱ्यावरच्यांसारखी झाली नाहीत, आणि किनाऱ्यावरची वर टिकेनात. म्हणजे फरक आत होता. पुढे त्यांनी किनाऱ्याचं आणि डोंगरावरचं झाड यांचा संकर करून एफ-टू तिन्ही जागी लावलं, तेव्हा एकाच आईबापाची पोरं जागेप्रमाणे वेगवेगळी पुढे येताना दिसली. आपला दोन कोपऱ्यांचा प्रयोग ही त्याचीच गच्ची आवृत्ती.

दोन-तीन पिढ्यांत रंग सोडून फार काही हललं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, लहान संख्येत निवडीपेक्षा नशीबच जास्त चालतं. प्रत्येक भागात वीसपेक्षा कमी झाडं असतील तर कुठलाही निष्कर्ष काढू नका. दर पिढीचं थोडं बी कागदी पाकिटात, कोरड्या डब्यात, पिढी आणि कोपरा लिहून बाजूला ठेवत जा, म्हणजे नंतर पहिली आणि चौथी पिढी एकाच वेळी पेरून समोरासमोर बघता येते. उरलेलं बी ओढ्याकाठी किंवा सड्यावर भिरकावू नका, गुलबक्षी अमेरिका खंडातून आलेली आहे आणि कंद धरला की सहज हटत नाही. पांढऱ्या आईचा कंद मात्र वेगळ्या कुंडीत जपा, एफ-वनला परत तिच्याशी जोडून बघायचं असेल तर तीच लागणार आहे, आणि त्या पोरांत रंगाचा हिशोब निम्मे गुलाबी, निम्मे पांढरे असा आला पाहिजे.