मिरगाच्या पावसात घोड्याची चंदी तोबऱ्यातूनच द्या

मिरग लागला की आमच्या डिचोली-सत्तरीच्या भागात घोड्याचा विषय कुणी काढत नाही. शिगम्यातल्या घोडेमोडणीच्या नाचाचे लाकडी घोडे परत आत ठेवलेले असतात, त्यांना चंदी, म्हणजे रोजचा दाणा, लागत नाही. प्रश्न खरा घोडा दावणीला असलेल्यांचा. लग्नसराई आटोपली, किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही, आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत वरातही निघणार नाही. जनावर चार महिने कमवत नाही, खाते मात्र रोज. अशा दिवसांत घमेल्याबाहेर पडलेली मूठभर जव किंवा हरभऱ्याची चूण डोळ्यांत खुपायला लागते. आणि गोव्याच्या पावसाळ्यात सांडलेल्या दाण्यामुळे होणारे नुकसान पैशांवर थांबत नाही. म्हणून चंदी तोबऱ्यातून, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या पिशवीतून द्यावी.

घोडा दाणे कसा खातो ते एकदा उभे राहून बघा. घमेल्यात तोंड घालतो, घास भरतो आणि चावता चावता मान वर करून इकडेतिकडे बघतो. त्या वेळी ओठांच्या कोपऱ्यातून दाणे गळत राहतात. जरा उतावीळ जनावर असेल तर पुढचा पाय आपटून घमेलेच उलटे करते. उन्हाळ्यात हे सांडलेले कोंबड्या टिपतात, विषय संपतो. पावसाळ्यात ते ओल्या जमिनीत रुतते, रात्रीत आंबते, दुसऱ्या दिवशी त्याला बुरशी येते, आणि भुकेला घोडा तेच चाटून खातो. शिवाय उंदीर येतात. उंदराचे मूत तबेल्यातल्या साचलेल्या पाण्यात मिसळले की लेप्टोचा धोका, तुम्हाला आणि जनावरालाही. घोड्यात या आजारामुळे डोळा पुन्हा पुन्हा लाल होतो, पाणी गळते, आणि दुर्लक्ष झाले तर दृष्टी जाते. म्हणून सांडलेले झाडताना पायांत गमबूट असू द्या. अनवाणी पायांनी तबेला झाडायची आपली जुनी खोड निदान पावसात तरी सोडावी.

किनाऱ्याकडे मोरजी, मांद्रे भागात जमीन वाळूची. तिथे आणखी एक भानगड आहे. वाळूत सांडलेले दाणे टिपताना घोडा वाळूही गिळतो. ती मोठ्या आतड्यात तळाला बसते आणि एक दिवस पोटशूळ उठतो. शंका असेल तर ताज्या लिदीचे पाच-सहा गोळे जमिनीला न टेकलेल्या भागातून घ्या, बादलीभर पाण्यात कालवा, थोडा वेळ राहू द्या आणि वरचे पाणी हळूच ओता. तळाशी बोटाला वाळू लागली तर ती पोटातून आली आहे. वाळू दिसली नाही म्हणून पोट साफ आहे असे मात्र धरून चालू नका.

आधी किती सांडते ते मोजा. चंदी देता त्या जागेखाली आठवडाभर जुनी ताडपत्री अंथरा आणि प्रत्येक वेळचे सांडलेले तराजूवर ठेवा. समजा एका वेळेला पाव किलो निघाले, तर दोन वेळचे मिळून दिवसाला अर्धा किलो, महिन्याला 15 किलो, पावसाळ्याच्या चार महिन्यांत 60 किलो. आता म्हापशाच्या बाजारातला जवाचा भाव तुम्हीच लावा. मी लावला आणि त्याच दिवशी तोबऱ्याचे कापड आणले.

तोबरा म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. पानाचा तोबरा भरून बसलेला एक तरी काका प्रत्येक घरात असतो. शब्द घोड्याकडूनच आला, पण घोड्याच्या तोंडाला बांधलेली ती पिशवी आता फार कमी जणांकडे दिसते. प्लास्टिकची टबे स्वस्त झाली आणि तोबरे मागे पडले.

तोबरा शिवताना

जाड सुती कॅनव्हास सगळ्यांत बरा. गोणपाट चालतो, पण त्याचे तंतू सुटतात आणि ओला झाला की दोन-दोन दिवस वाळत नाही. खताची पोती, कीटकनाशक आलेली पोती, सिमेंटची पोती यांना हातही लावू नका, कितीही धुतलेली असली तरी. प्लास्टिकच्या विणीच्या पोत्याला कड लागली की लांब धागे सुटतात आणि घोडा ते गिळतो. आतड्यात असा धागा अडकला तर ऑपरेशनशिवाय इलाज नसतो.

घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, आपल्यासारखा तोंडाने घेऊ शकत नाही. तोबऱ्याची सगळी रचना या एका गोष्टीवर बसवायची. नाकपुड्या येतात त्या उंचीवर दोन्ही बाजूंना हाताच्या पंजाएवढी जाळी शिवा, किंवा निदान पितळी कड्यांची सात-आठ भोके पाडा. तळालाही चार भोके हवीत. घट्ट विणीचा कॅनव्हास पाणी धरून ठेवतो, आणि पाऊस आत भरला की जनावराचे नाक बुडायला वेळ लागत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या वर्षी आमच्या तांबड्या घोडीला मांगराबाहेर, म्हणजे बागेतल्या खोपीबाहेर, तोबरा लावला आणि फोन आला म्हणून पाच मिनिटे आत गेलो. दावे लांब राहिले होते. तिला तहान लागली असावी, तिने तोबऱ्यासकट तोंड पाण्याच्या टबात घातले. कापड भिजून नाकपुड्यांना चिकटले. बाहेर आलो तेव्हा ती मागे सरकत मान झटकत होती आणि तोबऱ्यातून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. डोक्यामागचा पट्टा मी नायलॉनचा लावला होता, ओला होऊन त्याची गाठ इतकी आवळली की सुटेना. शेवटी कोयत्याने कापला. घोडी दहा मिनिटांत शांत झाली, मला मात्र त्या रात्री जेवण गेले नाही. चूक सर्वस्वी माझी होती.

तेव्हापासूनचे आमचे नियम असे. पाणी आधी पाजायचे, मग तोबरा. तोबरा असताना जनावर आखूड दाव्यावर, छपराखाली, पाण्यापासून दूर. माणूस जवळ. पट्टा चामड्याच्या पातळ वादीचा, किंवा बक्कलला जोडणारा एक तुकडा साध्या सुती दोरीचा, म्हणजे तोबरा कुठे अडकला तर हिसक्यासरशी तो तुकडा तुटेल. आणि पंधरा-वीस मिनिटांत तोबरा उतरवायचाच, खाऊन झालेले असो वा नसो. रात्रभर तोबरा लावून ठेवणारे मी पाहिले आहेत. त्यांना काय म्हणावे ते सुचत नाही.

लावताना आणि काढताना

तोबऱ्याची वरची कड डोळ्याच्या तीन-चार बोटे खाली यावी आणि ओठ दाण्यांना जेमतेम टेकावेत. फार आखूड बांधला तर नाक दाण्यांत रुतते, फार सैल सोडला तर जनावराला तळ गाठता येत नाही. तळ गाठता न येणे हेच तोबऱ्याच्या बदनामीचे कारण. शेवटची मूठ उरली की घोडा मान जोरात वर फेकतो, दाणे उडून तोंडाशी यावेत म्हणून, आणि निम्मे बाहेर उडतात. मग लोक म्हणतात, तोबऱ्यानेही सांडतेच. उपाय सोपा आहे. अर्धे खाऊन झाले की पट्टा एक-दोन भोके आवळा. किंवा समोर गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन चिरे रचून ठेवा. बहुतेक घोडे दोन दिवसांत शिकतात, तोबऱ्याचा तळ चिऱ्यावर टेकवतात आणि निवांत खातात. आमचा लहान तट्टू आता चिरा नसेल तर माझ्याकडे बघत उभा राहतो.

नव्या जनावराला थेट भरलेला तोबरा चढवू नका. आधी हातात धरून त्यातून मूठभर खायला द्या, वास घेऊ द्या, मग पट्टा. डोक्याला हात लावू न देणाऱ्या घोड्याला आठवडा लागला तरी लागू द्या.

दाणे कोरडे आणि धुळीचे असतील तर ती धूळ बंद पिशवीत सरळ नाकात जाते. पाण्याचा हबका मारा, ओंजळभर पुरतो. पण भिजवायचे ते देण्याच्या आधी लगेच. आपल्या दमट हवेत सकाळी भिजवलेले संध्याकाळपर्यंत आंबते. अधाशी घोडा तोबऱ्यात भराभर गिळतो आणि घास अन्ननळीत अडकतो, म्हणून चंदीत दोन मुठी बारीक कुट्टी, म्हणजे चिरलेली वैरण, मिसळा, त्याला चावावेच लागेल. नाकातून लाळेबरोबर चावलेले दाणे येताना दिसले तर तोबरा तात्काळ काढा, खाणे-पाणी बंद ठेवा आणि पशुवैद्याला बोलवा. तोंडातून पाणी ओतण्याचा खटाटोप करू नका, ते फुप्फुसात जाते.

खोकला किंवा नाकातून शेंबूड असलेल्या जनावराला तोबरा लावायचाच नाही. प्रत्येक घोड्याचा तोबरा वेगळा, त्यावर रंगीत चिंधी शिवून ठेवा म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराचा घोळ होणार नाही. ग्लँडर्ससारखा रोग एकत्र खाण्या-पिण्याच्या भांड्यांतून पसरतो, माणसालाही होतो, आणि तो सरकारला कळवणे बंधनकारक आहे.

तोबऱ्यातही जनावर अर्धवट चावलेल्या घासाचे गोळे टाकत असेल तर दोष दातांचा. घोड्याच्या वरच्या दाढा बाहेरच्या बाजूने आणि खालच्या आतल्या बाजूने धारदार होत जातात, गालाला आणि जिभेला टोचतात. वर्षातून एकदा पशुवैद्याकडून कानस मारून घ्यावी. रिकाम्या पावसाळ्यात हे काम उरकते.

तोबऱ्याचा आणखी एक फायदा, माप आपोआप हातात राहते. घोड्याचे पोट अंगाच्या मानाने लहान असते आणि त्याला उलटी होत नाही, त्यामुळे जास्त झालेले परत येत नाही. एका वेळेची चंदी दर 100 किलो वजनामागे अर्ध्या किलोच्या वर नेऊ नये. 250 किलोच्या तट्टाला सव्वा किलो ही वरची हद्द झाली, बसून खाणाऱ्याला त्याच्या निम्मीही पुष्कळ. जनावर बसून आहे आणि चंदी मात्र लग्नसराईची, असे चालले तर खुरांत दाह होतो, कामाला काढल्यावर अंग आखडते. आठ-दहा दिवसांत थोडी थोडी करत चंदी उतरवा आणि वैरण भरपूर ठेवा. वैरण सुक्या हिशेबाने वजनाच्या दीड ते दोन टक्के तरी हवी, म्हणजे त्याच तट्टाला रोज चार-पाच किलो.

खर्च वाचवण्याच्या नादात दोन गोष्टी करू नका. कोंबड्यांचे खाद्य घोड्याला कधीही घालू नका, मूठभरही नाही. त्यात मोनेन्सिनसारखे औषध मिसळलेले असू शकते, कोंबडीला ते चालते, घोड्याचे हृदय त्याने बंद पडते. दुसरे, बुरशी लागलेला मका. गाईने खाल्ला आणि तिला काही झाले नाही, म्हणून घोड्याला देणारे आहेत. त्या बुरशीचे विष घोड्याच्या मेंदूवर जाते. भाताचा कोंडा फुकटात मिळतो खरा, पण तो आणि हिरवे नेपियर गवत एवढ्यावरच जनावर ठेवले तर हाडांतले कॅल्शियम ओढले जाते.

गवताची पिशवी

जमिनीवर टाकलेले गवत घोडा आधी खातो, मग तुडवतो, मग त्यावर मुततो. पिशवीत किंवा जाळ्यात टांगले तर ते थांबते. जाळ्याची भोके चार-पाच सेंटिमीटरची असली की खाणे सावकाश होते, रिकाम्या दिवसात वेळही जातो. आपल्याकडे रापणीच्या मासेमारीची जुनी जाळी सहज मिळतात, पण त्यांचा बारीक नायलॉन धागा हिरड्या कापतो. काथ्याच्या दोरीचे विणून घ्या. रिकामे जाळे खाली लोंबते हे लक्षात ठेवून टांगा, नाल मारलेला पाय त्यात अडकला तर घोडा स्वतःचा पाय मोडून घेईल. पण डोळ्यांच्याही वर नको, कचरा डोळ्यांत पडतो. पिशवी गोणपाटाची असेल तर समोर हातभर भोक पाडून त्याची कड दुमडून शिवा.

खरी डोकेदुखी शिवण्यात नाही, वाळवण्यात आहे. जुलैत चार-चार दिवस ऊन दिसत नाही. ओला तोबरा खुंटीला अडकवला की तिसऱ्या दिवशी आतून काळे ठिपके, आणि तोच परत नाकाला. म्हणून एका जनावराला किमान तीन तोबरे ठेवा. रोज उलटा करून साध्या पाण्याने घासायचा, साबण लावलाच तर भरपूर धुऊन काढायचा, पिळून उलट्या बाजूनेच टांगायचा. आम्ही चुलीवरच्या माळ्याला टांगतो. धुराच्या वासाने तट्टूने दोन दिवस तोंड फिरवले, तिसऱ्या दिवशी भूक जिंकली. चूल नसेल तर पंख्याखाली. काळे ठिपके धुऊन गेले नाहीत तर तो तोबरा टाकून द्या.

चंदी झाकणाच्या पिंपात, पिंप फळीवर, आणि एका वेळी पंधरा दिवसांपुरतीच आणा. घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना घोड्याचेही चार महिन्यांचे भरून ठेवावे असे वाटते, पण सुक्या मासळीसारखी चंदी टिकत नाही. पिंपात हात घातल्यावर दाणे उबदार लागले किंवा कुबट वास आला तर देऊ नका.

चवथीच्या आसपास पहिले धड ऊन पडेल तेव्हा सगळे तोबरे, वाद्या, जाळी अंगणात काढा. वादीला खोबरेल चोळा, शिवण ओढून बघा, सुती दोरीचा तो तुकडा नवा बांधा.