एक्सॉरच्या ट्रिका पाठ करू नका, आधी वहीवर करून बघा

प्लेसमेंटच्या तयारीसाठी ज्युनियर मुलं माझ्याकडे येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची गाडी एक्सॉरवर (XOR, म्हणजे दोन आकड्यांचे बिट, बायनरीतले ० आणि १, जागेनुसार ताडून बघायची क्रिया) अडते, ट्रिका तोंडपाठ असतात पण प्रश्न जरा फिरवून विचारला की संपलं. म्हणून मी आधी लॅपटॉप बंद करायला लावते आणि वही उघडायला सांगते. बायनरीत ५ म्हणजे १०१, ३ म्हणजे ०११, बिट वेगळे तिथे १ आणि सारखे तिथे ०, उत्तर ११० म्हणजे ६. बस, एवढंच आहे ते.

आता यातूनच निघतं की कुठलाही आकडा स्वतःशीच एक्सॉर केला तर ०, आणि ०शी केला तर तोच आकडा परत. क्रम कसाही लावा, फरक पडत नाही. त्यामुळे अ‍ॅरेत, म्हणजे आकड्यांच्या यादीत, सगळे आकडे दोनदा आणि एकच एकटा असेल तर सगळ्यांचा एक्सॉर घ्या, जोड्या कटतात आणि एकटा उरतो, एक्स्ट्रा मेमरी लागत नाही.

इंटरव्ह्यूत पुढे विचारतात की एकटे दोन असतील तर? हा प्रश्न मला फार आवडतो कारण इथे खरं कळतं कोणाला समजलंय. समजा ४, ७, ४, ९, ७, २ आहेत. सगळ्यांचा एक्सॉर ११ येतो, म्हणजे १०११, आणि हा ९ आणि २ चाच एक्सॉर आहे. यात शेवटचा बिट १ आहे म्हणजे त्या जागी हे दोघं नक्की वेगळे आहेत, मग त्याच बिटवर दोन गट पाडा: ७, ९, ७ एकीकडे आणि ४, ४, २ दुसरीकडे. जोडीतले आकडे सारखेच असल्यामुळे एकाच गटात पडतात, कटून जातात, ९ आणि २ सुटे मिळतात.

कोडमध्ये एक्सॉरचं चिन्ह ^ असतं, ते लिहिताना मात्र कंस विसरू नका रे. सी मध्ये ए ^ बी == ० असं लिहिलं तर आधी बी == ० तपासलं जातं आणि एररसुद्धा येत नाही, जावा निदान कंपाइलच होऊ देत नाही. आणि ^ म्हणजे घात नव्हे, पायथनमध्ये २ ^ ३ चं उत्तर १ येतं.

तिसऱ्या व्हेरिएबलशिवाय एक्सॉरने दोन व्हॅल्यू स्वॅप करायची, म्हणजे अदलाबदल करायची ट्रिक सगळीकडे सांगतात, ती माहीत असू द्या पण खऱ्या कोडमध्ये वापरू नका, दोन्हीकडे एकच मेमरी लोकेशन आलं तर व्हॅल्यू ० होऊन बसते. त्यापेक्षा तो वेळ प्रीफिक्स एक्सॉरला, म्हणजे अ‍ॅरेच्या सुरुवातीपासून प्रत्येक जागेपर्यंतच्या एक्सॉरला द्या: एल ते आर या जागांमधला एक्सॉर हवा असेल तर आर पर्यंतचा आणि एलच्या आधीपर्यंतचा एक्सॉर करा, एलच्या आधीचा भाग आपोआप कटतो.