पॅमचा टेस्ट प्रोग्राम लिहायला बसण्याआधी

लिनक्सवर लॉगिन असो का सुडो, पासवर्ड तपासायचं काम पॅम लायब्ररीकडे असते. तिचा छोटा टेस्ट प्रोग्राम सी मध्ये लिहायचा आहे, तं कंपायलर वगैरे सांगत बसत नाही. हेडर फाइल्स मात्र वेगळ्या टाकाव्या लागतात, उबंटूवर पॅकेजचं नाव लिबपॅम झिरो जी डेव्ह, अन् अमरावती नाहीतर यवतमाळला जाणं झालं तं तिथूनच पेनड्राइव्हवर घेऊन या, गावात लाइट गेली की टॉवरही जाते अन् डाउनलोड अर्ध्यात राहते.

आता मेन गोष्ट, सर्व्हिस फाइल, म्हणजे तुमच्या प्रोग्रामसाठी पासवर्ड कसा तपासायचा त्या नियमांची फाइल. कोडमध्ये सुरुवातीला पॅम स्टार्ट फंक्शनला जे नाव देता त्याच नावाची फाइल ईटीसीतल्या पॅम डॉट डी फोल्डरमध्ये पाहिजे, सगळी स्मॉल अक्षरं. स्पेलिंग चुकली तं पॅम ओरडत नाही, चुपचाप अदर नावाची फाइल वाचते. फेडोरात त्या अदरमध्ये सरळ डिनाय असते, म्हणजे पासवर्ड बरोबर असूनही नकार, अन् आपण रातभर कोडमध्ये चूक शोधून राहिलो. उबंटूत तं अजून वाईट, तिथं अदर सिस्टिमचे नेहमीचेच नियम उचलते, टेस्ट पास होते अन् आपले नियम तपासलेच नसतात! मागच्या वेळी माझं हेच राहिलं, म्हणून पुन्हा सांगतो, आधी फाइल, मंग कोड. उबंटूत फाइल खरंच वाचल्या जाते का हे पाहायला तिच्यात ऑथला, म्हणजे पासवर्ड तपासायच्या भागाला, तात्पुरतं फक्त पॅम डिनाय (नेहमी नकार देणारं मॉड्यूल) ठेवा; फेडोरात अदरही नकारच देते, म्हणून तिथं यानं काही समजत नाही. बरोबर पासवर्ड फेल झालाच पाहिजे. पास झाला तं तुमची फाइल वाचल्याच जात नाही, थांबा अन् नाव पाहा. फेल झाला तं डिनायची ओळ काढा, तिच्या जागी आपले नियम टाका अन् मंगच पुढच्या टेस्ट चालवा.

टेस्टसाठी वेगळा युजर बनवा. फेललॉक (चुकीचे पासवर्ड मोजून खातं बंद करणारं मॉड्यूल) चालू असलं तं डिफॉल्टनं 15 मिनिटांत 3 चुका झाल्या की खातं 10 मिनिटं बंद, स्वतःचं लॉगिन कायले अडकवता. कॉमन ऑथला, म्हणजे उबंटूत सगळ्या लॉगिनच्या सामायिक नियमांच्या फाइलला, हात लावू नका, लावायचाच असेल तं रूटचं एक टर्मिनल उघडं राहू द्या. अन् प्रोग्राम सुडोनं चालवा, साध्या युजरला पॅम युनिक्स (सिस्टिमचे पासवर्ड तपासणारं मॉड्यूल) फक्त स्वतःचाच पासवर्ड तपासू देते.

कन्व्हर्सेशन फंक्शन, म्हणजे पॅमला पासवर्ड विचारून देणारं फंक्शन, स्वतः लिहिलं तं उत्तरं मॅलॉकनंच घ्या, ती मेमरी पुढे पॅमच्या बाजूनं फ्री होते, लोकल ॲरे दिला की क्रॅश. सुरुवातीला तयार मिस्क कॉन्व्ह फंक्शनच वापरा ना, फक्त लिंक करताना पॅम मिस्क लायब्ररी पण जोडा.

बरोबर, चुकीचा, रिकामा पासवर्ड, नसलेला युजर, सगळं चालवा, रिटर्न कोडचा अर्थ पॅम स्ट्रएरर फंक्शननं छापा. ऑथेंटिकेट झालं म्हणून थांबू नका, मुदत संपलेलं खातं पॅम अकाउंट मॅनेजमेंटच्या पुढच्या फंक्शनमध्येच पकडल्या जाते, खात्याची मुदत बदलणाऱ्या चेज कमांडनं टेस्ट युजरची तारीख मागे नेऊन पाहा. पासवर्ड छापायचा नाही. शेवटी पॅम एंड फंक्शननं सत्र बंद करा. अन् दुसऱ्या मशीनवर नेताना सर्व्हिस फाइल सोबत न्या, ती प्रोग्रामसोबत आपोआप जात नाही.