मांजर दत्तक देताय, घेताय? निदान या चुका तरी टाळा

गेल्या आठवड्यात परत तोच फोन. "ताई, परवा नेलेलं मांजर सापडेना झालंय." विचारलं, दार उघडं होतं का? पलीकडे शांतता. मग हळूच, "पाणी आलं होतं की ओ."

सोलापूरकराला यापुढे काही सांगावं लागत नाही. काही दिवसांआड येणारं पाणी, तेही अवेळी. आलं की मोटर सुरू, पाइप अंगणातून आत, दार सताड उघडं, जो तो बादली घेऊन पळतोय. अशा घरात दोन दिवसांपूर्वी आलेलं घाबरलेलं मांजर दुसरं काय करणार? म्हणून हसलात तरी चालेल, पण माझा नियम आहे: ज्या दिवशी त्या गल्लीत पाणी येणार, त्या दिवशी मी मांजर देत नाही. नेणाऱ्याला पत्त्याआधी पाण्याचा वार विचारते.

"सोडा की, घर बघू दे तिला"

या एका वाक्यानं जितकी मांजरं हरवली, तितकी कुत्र्यांनीसुद्धा पळवून लावली नसतील. नवं मांजर आणलं, पिशवी उघडली, हॉलमध्ये सोडलं, भोवती सात माणसं, दोन मोबाइल. मांजर सोफ्याखाली. मग त्याला झाडूनं बाहेर काढायचं. मग ते खिडकीतून गेलं की "माणसाळलेलंच नव्हतं" म्हणायचं.

यात मीही एकदा तोंडावर आपटलेय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका माग कारखान्यात सुताच्या ढिगात जन्मलेली एक मांजरी माझ्याकडे होती. गोणपाटावर झोपायची म्हणून तिचं नाव गोणी. दहा महिन्यांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, लशी पूर्ण. तिच्यासाठी जुळे सोलापुरातून फोन आला. बंगला, मागे बाग, निवृत्त आजोबा, दोन नातवंडं. बंगला बघून मी भुलले, खोटं कशाला सांगू. दहा दिवस एकाच खोलीत, दार लावून ठेवायचं, हे बजावून आले. "हो हो" म्हणाले. त्याच संध्याकाळी "कोंडून ठेवणं बरं वाटेना" म्हणून दार उघडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीला गज होते, जाळी नव्हती. गोणी गेली.

पुढचे आठ दिवस गल्लीतली पोरं "गोणी, गोणी" ओरडत फिरत होती. हाही एक मूर्खपणाच. घाबरलेलं मांजर सहसा लांब जात नाही. चार-दोन घरांच्या आतच एखाद्या सांदीत अंग चोरून बसतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. ओरडणाऱ्या घोळक्याला तर मुळीच नाही. शोधायचं ते रात्री एकनंतर, एकट्यानं, हातात बॅटरी आणि वास येईलसा बोंबील घेऊन, वाकून वाकून.

आठव्या रात्री पाणी आलं. पलीकडच्या तिसऱ्या घरातल्या काकू मोटर लावायला जिन्याखाली गेल्या, तर बंद कूलरच्या मागून बारीक आवाज. पावणेतीनला त्यांनी मला उठवलं. मी स्कूटरवर भाजीचे दोन क्रेट घेऊन गेले. एकावर एक पालथा घालून सुतळीनं बांधला की झाला पिंजरा, मला अजूनही कॅरिअरपेक्षा तोच आवडतो. गोणीच्या पाठीचे मणके मोजता येत होते. तीन दिवस सलाइन लावावं लागलं. जेवण पूर्ण बंद पडलं तर मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठून जीवावर बेतू शकतं. म्हणून नव्या मांजरानं दोन दिवस तोंडच लावलं नाही तर "रुसलंय" म्हणत बसू नका, डॉक्टर गाठा.

उपाय कंटाळवाणा आहे. घरातली सगळ्यात लहान खोली घ्यायची. एका कोपऱ्यात वाळूचा डबा, समोरच्या कोपऱ्यात पाणी आणि जेवण. डब्याशेजारी ताटली ठेवाल तर मांजर एकाला तरी नाक मुरडणारच. ते पलंगाखाली गेलं तर जाऊ दे. मी तिथंच जमिनीवर पाठ करून बसते आणि मोठ्यानं पेपर वाचते. घरचे हसतात, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोपराला नाक लागतं. जुन्या जागेची न धुतलेली चादर सोबत द्यायची, तिच्या वासावर मांजर तग धरतं. आणि चादरच द्या. टॉवेलचं गाव म्हणून टर्किश टॉवेल घालू नका, त्याच्या फाशांत नखं अडकतात.

आवाजाचंही बघा. गोणी मागाच्या खटखटीत वाढलेली. बंगल्यातली शांतताच तिला खायला उठली असणार, असं मला अजून वाटतं. मांजर कुठून आलं हे न विचारता नुसतं "बिचाऱ्याला मोठं घर मिळालं" म्हणणाऱ्यांत मी स्वतः होते, म्हणून लिहिते.

दूध-पोळी

"आमच्याकडे अंडंही चालत नाही, पण मांजराला दूध-पोळीची कमी पडू देणार नाही." अशांशी मी आता वाद घालत नाही, सरळ नाही म्हणते. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही, ढाळ लागते. मांजराला टॉरिन नावाचा घटक लागतो आणि तो मांस-मासळीतून येतो. तो मिळाला नाही तर लगेच काही दिसत नाही, महिने जातात, मग हृदय आणि डोळे जातात. तोवर सगळे म्हणत असतात, "बघा, पोळीवर कसं गुटगुटीत झालंय."

शाकाहारी घर नकोच, असं मात्र नाही. मुरारजी पेठेतल्या एका घरानं मांजराच्या तयार खाण्याचा डबा गॅलरीत ठेवला, ताटली वेगळी, धुवायचा नळ वेगळा, आणि आजींनी त्या कोपऱ्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं. दोन वर्षं उत्तम चाललंय.

दोरा

हे खास आपल्या गावासाठी. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच ओढला जातो. एक टोक जिभेखाली अडकलं आणि दुसरं आतड्यात गेलं, की आतडं नाडी ओढलेल्या पिशवीसारखं गोळा होतं आणि कापलं जातं. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही. तसंच उचलून डॉक्टरकडे. घरी शिलाई मशीन, सूत किंवा संक्रांतीचा मांजा असेल तर झाकणाचा डबा हवाच.

"मागचं पिल्लू गेलं, म्हणून दुसरं हवंय"

दुःख खरं असतं, पण मी पहिल्यांदा विचारते, कशानं गेलं? उलट्या, ढाळ, दोन दिवसांत खलास, असं सांगितलं तर पॅनल्यूकोपेनियाचा, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या विषाणूच्या साथीचा संशय घ्यायचा. तो विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो आणि फिनेलनं मरत नाही. ब्लीचचं पाणी लागतं. त्या घरात बिनलशीचं पिल्लू देणं म्हणजे त्याला जाणूनबुजून मारणं. लस साधारण आठव्या आठवड्यापासून, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, रेबीजची बाराव्या आठवड्यानंतर. तेवढं थांबवत नसेल तर कापसाचं मांजर घ्या.

तशीच घाई पिल्लं उचलणाऱ्यांची. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं, तरी आई दोन तास दिसली नाही की "अनाथ" म्हणून खोक्यात घालून माझ्या दारात. ती दुसऱ्या पिल्लाला ठेवायला गेलेली असते हो. लांबून बघा, काही तास तरी. आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. मी दहा धरते.

बाकीच्या चुका पटापट. तापाला पॅरासिटामॉल द्यायचं नाही, एक गोळीही मांजराला मारायला पुरते. कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला लावायचं नाही, त्यातलं पर्मेथ्रिन त्याला विष आहे. मांजर असलेल्या घरात फिनेलची फरशी नको, ते तेच पाय चाटतं. एप्रिल-मेच्या दुपारी मांजर न्यायचं नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आठवड्यात तर मी देतच नाही, होम मैदानावरचं दारूकाम अर्ध्या गावाला ऐकू जातं.

"एकदा पिल्लं होऊ द्या, मग ऑपरेशन करू" हे नवंही नाही आणि खरंही नाही. त्यानं मांजरीचं काही भलं होत नाही. चार-पाच महिन्यांची मांजरी गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा राहू शकते. त्यामुळे पाच महिन्यांवरची मांजरी मी ऑपरेशनशिवाय देत नाही. लहान पिल्लू दिलं तर तारीख माझ्या कॅलेंडरवर असते आणि फोन मीच करते. आठवण करून दिल्याचा राग येणाऱ्यांनी माझ्याकडून मांजर नेऊ नये.

गोणीचं विचाराल तर ती आता अशोक चौकाच्या मागे दोन खोल्यांत राहते, भिंतीपलीकडे माग. तिथल्या अक्कांनी "किती गोड" वगैरे काही म्हटलं नाही. पहिलाच प्रश्न होता, "हे झोपतंय कुठं?" पहिले पंधरा दिवस आतली खोली बंद, खिडकीला कोंबडीची जाळी. अजूनही पाणी आलं की अक्का आधी आतल्या खोलीची कडी लावतात, गोणी कपाटावर आहे ना हे फटीतून बघतात, आणि मगच मोटरचं बटण दाबतात.